रूट मिरर केलंय, तरी एक डिस्क गेली की सर्व्हर उठत नाही: कारणं आणि उपाय

लक्षण असं: सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, त्यांवर रूटसाठी, म्हणजे लिनक्सच्या मुख्य फाइल सिस्टिमसाठी, सॉफ्टवेअर रेड-१ आहे (मिरर: तोच डेटा दोन्ही डिस्कवर लिहिला जातो), /प्रॉक/एमडीस्टॅट मध्ये [यूयू], म्हणजे दोन्ही डिस्क चालू, असं दिसतंय. मग एक डिस्क जाते आणि मशीन पुन्हा चालूच होत नाही. दुसऱ्या डिस्कवर सगळा डेटा शाबूत असतो, पण मशीन तिथपर्यंत पोचत नाही. कुणीतरी पेनड्राइव्ह लावून ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूट लोडर) बसवतं, डिस्क बदलली जाते, काम सुरू होतं. पुढे कधीतरी दुसरी डिस्क जाते आणि पुन्हा तोच प्रकार.

याचं मूळ एकच आहे. मिरर सुरू होतं ते कर्नल आणि इनिटरॅमएफएस (रूट मिळेपर्यंत चालणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम) मेमरीत आल्यावर, एमडीएडीएम हा मिरर सांभाळणारा प्रोग्रॅम दोन्ही भाग जोडतो तेव्हा. त्याआधीचा सगळा प्रवास, म्हणजे मदरबोर्डचं फर्मवेअर, डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड किंवा ईएसपी (नव्या यूईएफआय फर्मवेअरच्या मशीनवर बूट फाइली ठेवायचा भाग) आणि ग्रबचा गाभा, एकाच डिस्कवरून होतो. फर्मवेअरला मिरर ही गोष्टच माहीत नसते. त्यामुळे रेड-१ ने रूट फाइल सिस्टिमची नक्कल होते, बूटची होत नाही. ती दोन्ही डिस्कवर हाताने करावी लागते आणि डिस्क बदलली की दरवेळी पुन्हा करावी लागते.

सोलापुरात हा प्रश्न जास्त जाणवतो त्याची कारणं साधी आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादर-टॉवेलचा कारखाना असो की होटगी रोडवरचं सीएचं ऑफिस, सर्व्हर बहुतेक ठिकाणी एकच असतो. वीज जाते-येते म्हणून तो वारंवार बंद-चालू होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि कारखान्यात सुताचा बारीक तूस पंख्याच्या जाळीवर बसतो. डिस्क इथे लवकर थकतात, म्हणून एका डिस्कवर बूट होण्याची वेळही लवकर येते.

खालची माहिती डेबियन १२ आणि उबुंटू २२.०४ / २४.०४ साठी आहे. आल्मा, रॉकीसाठी वेगळं असेल तिथे सांगितलं आहे. आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलवर ते रोमन लिपीतच टाकायचे. पर्यायाचं अक्षर मोठं असं सांगितलं नसेल तिथे ते लहान.

कुठे अडकलं ते पडद्यावरून ओळखा

घाईने ग्रब पुन्हा बसवण्याआधी पडद्याचा फोटो काढा. कोणत्या टप्प्यावर थांबलं त्यावर उपाय ठरतो.

«नो बूटेबल डिव्हाइस» किंवा «रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस»: उरलेल्या डिस्कवर बूट कोडच नाही. ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर बसवला होता. वारंवार येणाऱ्या तक्रारींत ही सर्वांत जास्त सापडते.

«ग्रब रेस्क्यू» आणि वर «एमडीयूयूआयडी... नॉट फाउंड»: ग्रबचा गाभा सापडला, पण त्याच्यात कोरलेला अ‍ॅरेचा यूयूआयडी (जोडलेल्या डिस्कसंचाचा ओळखक्रमांक) आता अस्तित्वात नाही. कधीतरी अ‍ॅरे मोडून नव्याने तयार केली आणि त्यानंतर एकाच डिस्कवर ग्रब ताजा केला, की दुसऱ्या डिस्कवर जुना गाभा तसाच राहतो.

«अलर्ट! यूयूआयडी... डज नॉट एक्झिस्ट» आणि इनिटरॅमएफएसचा शेल: कर्नल आला, पण अ‍ॅरे जोडली गेली नाही. इथे आधी कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट करा. अ‍ॅरे निष्क्रिय दिसत असेल तर

एमडीएडीएम --रन /डेव्ह/एमडी०

आणि मग एक्झिट. काहीच दिसत नसेल तर एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन. एवढ्याने मशीन सुरू झालं तर दोष इनिटरॅमएफएसच्या आतल्या एमडीएडीएम.कॉन्फमध्ये आहे, डिस्कमध्ये नाही.

«यू आर इन इमर्जन्सी मोड»: रूट मिळाला, पण एफएसटॅबमधली (कुठला भाग कुठे माउंट करायचा त्या यादीतली) दुसरी एखादी ओळ अडली. बहुतेक वेळा ती गेलेल्या डिस्कवरची /बूट/ईएफआय असते. रूट खातं कुलूपबंद असेल आणि इथे शेल मिळत नसेल, तर लाइव्ह पेनड्राइव्ह लागतो.

«डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड»: हा संदेश घाबरवतो, पण निरुपद्रवी आहे. ग्रब मिररवरून वाचू शकतो, लिहू शकत नाही, आणि शेवटचा पर्याय लक्षात ठेवण्यासाठी लिहायचा प्रयत्न करतो. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ग्रब_डिफॉल्ट ही किंमत सेव्ह्डऐवजी ० ठेवा. याच्यापायी डिस्क बदलू नका.

बायोस मशीन

जुन्या मशीनवर काम सोपं आहे. डिस्कवर जीपीटी प्रकारचा भागांचा तक्ता असेल तर प्रत्येक डिस्कवर १ एमआयबीचा बायोस बूट भाग हवा, जीडिस्कमध्ये त्याचा प्रकार ईएफ०२. तो नसेल तर ग्रबचा गाभा ठेवायला जागाच राहत नाही आणि ग्रब-इन्स्टॉल तक्रार करतो. हा भाग मिररमध्ये घ्यायचा नाही, फॉरमॅटही करायचा नाही. मग

ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीबी

आदेश पूर्ण डिस्कला द्यायचा, एसडीए१ किंवा एमडी० ला नाही. एवढ्यावर थांबलात तर पुढच्या अपडेटला ग्रबचं पॅकेज पुन्हा एकाच डिस्कवर स्वतःला बसवेल. म्हणून डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवून यादीतल्या दोन्ही डिस्कवर खूण करा. ही निवड पॅकेज लक्षात ठेवतं.

यूईएफआय मशीन

इथे जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. फर्मवेअर फॅट३२ ची ईएसपी वाचतं आणि तिच्यातली फाइल चालवतं. एमडीएडीएमचा नेहमीचा मेटाडेटा (मिररची स्वतःची नोंद), आवृत्ती १.२, भागाच्या सुरुवातीपासून ४ केआयबीवर बसतो. ईएसपीवर अशी मिरर केली की फर्मवेअरला ती फॅट वाटतच नाही. आवृत्ती १.० चा मेटाडेटा भागाच्या शेवटी असतो, म्हणून त्यावर चालून जातं, आणि आल्मा-रॉकीचा इन्स्टॉलर हाच मार्ग देतो. पण फर्मवेअरने एखादी फाइल थेट एका डिस्कवर लिहिली तर मिररला त्याचा पत्ता लागत नाही आणि दोन्ही बाजू वेगळ्या होतात. माझं मत स्पष्ट आहे: दोन स्वतंत्र ईएसपी ठेवा, प्रत्येकी ५१२ एमआयबी, आणि नक्कल स्वतः करा.

उबुंटूवर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४ चालवलं की सगळ्या ईएसपींची यादी येते. दोन्हींवर खूण केली की पुढची काळजी पॅकेज घेतं. डेबियनवर दुसरी ईएसपी /बूट/ईएफआय२ वर माउंट करा आणि

आरसिंक -आरटी --मॉडिफाय-विंडो=१ --डिलीट /बूट/ईएफआय/ /बूट/ईएफआय२/

इथे नेहमीचा -ए पर्याय वापरू नका; फॅटवर मालकी बदलता येत नाही, म्हणून चुकांची रांग लागते. ही नक्कल प्रत्येक कर्नल अपडेटला करावी लागत नाही, कारण डेबियनच्या ईएसपीत कर्नल नसतो. ग्रब किंवा शिमचं (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणाऱ्या सही केलेल्या फाइलीचं) पॅकेज बदललं की मात्र करायची. आल्मा-रॉकीवर यूईएफआय असेल तर ग्रब२-इन्स्टॉल चालवू नका. तिथे सही केलेल्या तयार फाइली पॅकेजमधून येतात, त्यांचीच नक्कल न्या.

मग फर्मवेअरला दुसरी नोंद द्यायची:

ईएफआयबूटएमजीआर -सी -डी /डेव्ह/एसडीबी -पी १ -एल "डेबियन-२" -एल '\ईएफआय\डेबियन\शिमएक्स६४.ईएफआय'

यात पहिलं एल मोठं, नावासाठी. दुसरं लहान, फाइलच्या वाटेसाठी. -पी पुढचा आकडा ईएसपीच्या भागाचा. काही मदरबोर्ड डिस्क दिसली नाही की ही नोंदच पुसून टाकतात. त्यावर उतारा म्हणजे ठरलेली राखीव वाट: दोन्ही ईएसपींत \ईएफआय\बूट\बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल हवी. डेबियनवर ग्रब-इन्स्टॉल --फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल केलं की ती तयार होते. आरसिंक त्यानंतर पुन्हा चालवा.

ईएसपीतल्या छोट्या ग्रब.सीएफजीमध्ये रूट फाइल सिस्टिमचा यूयूआयडी लिहिलेला असतो. रूट नव्याने फॉरमॅट केला तर दोन्हीकडची ही फाइल तपासा.

एकाच डिस्कवर चाललेला रूट मिररवर नेताना

पूर्ण बॅकअप आधी, तोही तिसऱ्या डिस्कवर. मिरर हा बॅकअप नव्हे. फाइल पुसली की दोन्हीकडून त्याच क्षणी जाते.

नवी डिस्क जुनीपेक्षा एक सेक्टरनेही लहान नको. ब्लॉकडेव्ह --गेटएसझेड दोन्हीवर चालवून आकडे बघा. नव्याने भाग पाडत असाल तर शेवटी १०० एमआयबी मोकळे सोडा. एक टेराबाइट म्हणून विकलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्क सेक्टरपर्यंत सारख्या असतीलच असं नाही, आणि सोलापुरात ऐन वेळी दुकानात जी मिळेल तीच लावायची वेळ येते. हवी ती पुण्याहून येईपर्यंत एक दिवस सहज जातो.

भागांचा तक्ता उतरवायचा आदेश:

एसजीडिस्क -आर /डेव्ह/एसडीबी /डेव्ह/एसडीए

आर मोठा. याची दिशा उलटी वाटते: -आर नंतर येते ती ज्यावर लिहायचं ती डिस्क, शेवटी येते ती मूळ. इथे अदलाबदल झाली तर चांगल्या डिस्कचा तक्ता पुसला जातो. लगेच एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीबी, मोठा जी, म्हणजे ओळखक्रमांक वेगळे होतील. जुन्या डिस्कवर बायोस बूट भाग किंवा ईएसपीची सोय नसेल तर तक्ता उतरवू नका, नवीवर हाताने नीट भाग पाडा.

आता अर्धी अ‍ॅरे:

एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी० --लेव्हल=१ --रेड-डिव्हाइसेस=२ मिसिंग /डेव्ह/एसडीबी२

त्यावर ईएक्सटी४, /एमएनटीवर माउंट. मारियाडीबी, पोस्टग्रेस, सांबा बंद करा, नाहीतर उघड्या फाइलींची अर्धवट नक्कल येईल. मग आरसिंक, पर्याय लहान ए, मोठे एच, ए, एक्स आणि लहान एक्स. शेवटचा लहान एक्स दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये शिरत नाही. म्हणजे /बूट किंवा /व्हार वेगळा भाग असेल तर तो स्वतंत्रपणे न्यावा लागतो.

डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे बाइंड माउंट करून (यूईएफआय असेल तर नवी ईएसपीही /बूट/ईएफआयवर लावून) सीएचरूटने (नव्या फाइल सिस्टिमलाच रूट मानून) आत जा. आत चार कामं: एफएसटॅब बदलणं, एमडीएडीएम --डिटेल --स्कॅनची ओळ /इटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फमध्ये घालणं, अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल, आणि अपडेट-ग्रबसह ग्रब-इन्स्टॉल. क्रम हाच ठेवा. कॉन्फ बदलायच्या आधी इनिटरॅमएफएस बांधलं तर आत जुनीच माहिती राहते. एमडी० ऐवजी एमडी१२७ दिसू लागणं ही त्याचीच खूण. आल्मा-रॉकीवर फाइल /इटीसी/एमडीएडीएम.कॉन्फ, आदेश ड्राकट -एफ, आणि कर्नलच्या ओळीत आरडी.एमडी.यूयूआयडी बरोबर आहे का ते पाहायचं.

एफएसटॅबमध्ये हमखास चुकतं ते यूयूआयडी. बीएलकेआयडीमध्ये एसडीबी२ समोर दिसतो तो अ‍ॅरेचा क्रमांक, आणि प्रकार म्हणून लिनक्स_रेड_मेंबर. एफएसटॅबला हवा तो /डेव्ह/एमडी० समोरचा, फाइल सिस्टिमचा. स्वॅपसाठीही (मेमरी अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी) वेगळी मिरर करा. स्वॅप एकाच डिस्कवर असेल आणि ती चालू असताना गेली तर स्वॅपमध्ये गेलेले प्रोग्रॅम कोसळतात, मग रूट वाचून उपयोग नाही. दोन्ही ईएसपींच्या ओळीत नोफेल लिहा, म्हणजे ती मिळाली नाही तरी बूट अडत नाही.

रीबूट करून बूट मेन्यूतून नवी डिस्क निवडा. फाइंडएमएनटी / ने /डेव्ह/एमडी० दाखवल्याशिवाय जुन्या डिस्कला हात लावू नका, कारण ग्रबने गुपचूप जुनाच रूट उचललेला असू शकतो. खात्री झाली की जुन्या भागावर वाइपएफएस -ए, मग

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --अ‍ॅड /डेव्ह/एसडीए२

एक टेराबाइटच्या साध्या हार्ड डिस्कला साधारण दोन तास धरा, सर्व्हरवर काम चालू असेल तर जास्त. [यूयू] आल्यावर या डिस्कवरही बूट बसवायचा, वर सांगितल्याप्रमाणे.

चाचणी, आणि तिच्यातला धोका

प्रत्येक डिस्कवर एकट्याने मशीन उठवून पाहिल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका. एमडीएडीएम --फेल देऊन रीबूट करणं ही चाचणी पुरेशी नाही. त्यात उरलेल्या डिस्कच्या मेटाडेटात जोडीदार गेल्याची नोंद आधीच झालेली असते, म्हणून अ‍ॅरे निमूट सुरू होते. खरी डिस्क न सांगता जाते. मशीन बंद करा, पॉवरची वायर काढा, एका डिस्कची डेटा आणि पॉवर केबल काढा, मग चालू करा. पहिल्यांदा थोडा उशीर लागतो, कारण इनिटरॅमएफएस दुसऱ्या डिस्कची वाट पाहतं.

पहिली चाचणी झाली की मशीन बंद करून काढलेली डिस्क जोडा, अ‍ॅरेत परत घ्या आणि [यूयू] होईपर्यंत थांबा. त्यानंतरच दुसरी डिस्क काढा. मधली जुळणी न करता एकदा ही, एकदा ती असं उठवलंत तर दोन्ही डिस्कवर वेगवेगळं लिहिलं जातं आणि प्रत्येकीच्या मते दुसरी बाद असते. तसं झालंच तर कुठली खरी मानायची ते ठरवा, दुसरीचा लागणारा डेटा बाजूला काढा, मगच तिच्यावर --झीरो-सुपरब्लॉक आणि पुन्हा --अ‍ॅड.

वीज जाऊन आली की डिस्क अ‍ॅरेबाहेर पडते

हा शेजारचाच पण वेगळा प्रश्न. डीमेसेजमध्ये «किकिंग नॉन-फ्रेश» असं दिसलं तर ती डिस्क मागे राहिलेली आहे: बूटच्या वेळी ती उशिरा जागी झाली, अ‍ॅरे एकीवर सुरू झाली. एमडीएडीएम --री-अ‍ॅड करा. बिटमॅप (कुठला भाग बदलला याची नोंद) असेल तर फक्त बदललेला भाग उतरतो आणि काही मिनिटांत काम होतं; नसेल तर एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल /डेव्ह/एमडी० ने घाला. दरवेळी तीच डिस्क मागे राहत असेल तर कर्नलच्या ओळीत रूटडिले=३० द्या आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तपासा; जुना एसएमपीएस दोन डिस्क एकदम फिरवताना कमी पडतो.

वीज न जाताही डिस्क बाहेर पडत असेल तर डिस्कची तब्येत दाखवणारा आदेश स्मार्टसीटीएल -ए, मोठा ए, चालवा आणि पुढच्या क्रमांकांच्या चार ओळी पाहा. १९९ क्रमांकाच्या ओळीतला आकडा वाढत असेल तर दोष केबल किंवा कनेक्टरचा. हा आकडा कधी शून्य होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि आठवड्याने ताडून पाहा. ५ आणि १९७ (खराब सेक्टर) वाढत असतील तर डिस्कच बदला. १९४ म्हणजे तापमान; उन्हाळ्यात ५० अंशांपुढे जात असेल तर आधी जाळीवरचा तूस काढा.

हे सगळं ठीक असूनही डिस्क बाहेर पडते तेव्हा कारण बहुतेक वेळा मुदतीचं असतं. डेस्कटॉपसाठीची डिस्क एक खराब सेक्टर वाचायला मिनिटभराहून जास्त झटू शकते. कर्नल ३० सेकंद थांबतं, मग जोडणी रीसेट करतं आणि डिस्क अ‍ॅरेतून काढली जाते. डिस्कला लवकर हार मानायला लावा:

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीए

७० म्हणजे ७ सेकंद. डिस्क हे मानत नसेल तर कर्नललाच जास्त थांबवा: /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउटमध्ये १८० लिहा. दोन्ही गोष्टी वीज गेली की विसरल्या जातात, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवा. नवी डिस्क घेताना एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) प्रकारची टाळा. मिररची पूर्ण जुळणी करताना ती फारच मंदावते.

डिस्क बदलताना

एसडीए, एसडीबी ही नावं बूटगणिक बदलू शकतात. काढायची डिस्क अनुक्रमांकावरून ठरवा: स्मार्टसीटीएल -आय ने क्रमांक बघा आणि तो आधीच ट्रेवर चिकटवून ठेवा. चांगलीच डिस्क चुकून उपसली जाणं ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे.

नवी डिस्क लावली की तक्ता, --अ‍ॅड, जुळणी, आणि मग बूट: बायोसवर ग्रब-इन्स्टॉल आणि डीपीकेजी-रीकॉन्फिगरची यादी; यूईएफआयवर ईएसपी फॉरमॅट, नक्कल, ईएफआयबूटएमजीआरची नोंद, आणि नव्या ईएसपीचा यूयूआयडी एफएसटॅबमध्ये. बहुतेक जण जुळणी पुरी झाली की मशीन बंद करून घरी जातात आणि हा शेवटचा भाग राहतो. पुढच्या वेळी सर्व्हर उठत नाही तो इथेच.

डिस्क गेल्याचं कळलंच नाही तर यातलं काही कामाला येत नाही. एमडीएडीएम.कॉन्फमध्ये मेलअ‍ॅडर ओळीत चालता पत्ता द्या आणि एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट ने पत्र खरंच पोचतं का पाहा. डेबियनवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर दोन्ही बाजू ताडून पाहिल्या जातात. शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करून जायची पद्धत जिथे आहे तिथे ही तपासणी कधीच होत नाही. त्यांनी महिन्यातून एकदा दिवसा, काम कमी असताना, /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_अ‍ॅक्शनमध्ये चेक हा शब्द लिहून ती सुरू करावी.